कोपऱ्यातल्या बेसिनचा तपास

"काकू, बॅग भरू नका. निदान मावशी येईपर्यंत थांबा," चिमणी विनवत होती.

सुट्टीच्या शिबिरात सात मुलं ताप-जुलाबाने आडवी झाली होती. चिमणीची मावशी प्रयोगशाळेत काम करायची. तिला मुलांच्या तपासणीत साल्मोनेला नावाचे जंतू सापडले, आणि स्वयंपाकघरातल्या अंड्यांवरही तेच! व्यवस्थापकांनी सगळं खापर स्वयंपाकाच्या काकूंवर फोडलं आणि त्यांना कामावरून काढलं. आजारी मुलांच्या उशाशी बसणाऱ्या काकूंवर!

मावशी आल्याबरोबर चिमणीने विचारलं, "म्हणजे चूक काकूंचीच?"

"आडनाव एक म्हणून घर एक होतं का? साल्मोनेलाचे कितीतरी प्रकार असतात. मुलांमधला आणि अंड्यांवरचा प्रकार एकच आहे का, हा निकाल येईपर्यंत काकू इथेच राहतील." व्यवस्थापक कुरकुरत कबूल झाले.

"अंडी तर मी चार हाणली," चिमणीचा दोस्त ढोल्या म्हणाला. "मला कसं काही झालं नाही?"

"तुझ्या पोटात शिरायला जंतू घाबरतात," चिमणीचा दादा म्हणाला.

चिमणीला मात्र हसू आलं नाही. तिने प्रत्येक आजारी मुलाला खोदून खोदून विचारलं. सातही जण कोपऱ्यातल्या बेसिनवर दात घासायचे.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तिघं दाराआड दबा धरून बसले. व्यवस्थापक शीळ घालत आले. आपल्या लाडक्या पाळीव कासवाची काचेची पेटी त्यांनी त्याच बेसिनमध्ये धुतली, तीही मुलांच्या चूळ भरायच्या पेल्याने पाणी ओतून.

"कशालाही हात लावू नका," चिमणी कुजबुजली आणि मावशीला फोन करायला धावली. "कासवांच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो," म्हणत मावशीने येऊन पेटीतल्या पाण्याचा नमुना नेला.

काही दिवसांनी तिने सगळ्यांसमोर एक फोटो ठेवला. "जंतूंच्या डीएनएचे तुकडे केले आणि विजेच्या जोरावर जेलमधून, म्हणजे जेलीसारख्या थरातून, पळवले. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे रेंगाळतात. ते जिथे थांबतात तिथे पट्ट्या दिसतात. त्या जुळल्या, तर जंतू एकाच घरचे. चिमणे, तूच बघ."

चिमणीने एकेका पट्टीवर बोट ठेवलं. सात मुलांच्या रांगा हुबेहूब सारख्या. अंड्याची साफ वेगळी. आणि पेटीतल्या पाण्याची? मुलांसारखीच.

व्यवस्थापकांचा चेहरा पडला. "काकू, चुकलो मी. कासव आजच देऊन टाकतो."

"त्या मुक्या जीवाने काय केलंय?" काकू म्हणाल्या. "पेटी बागेत धूत जा. आणि नंतर हात साबणाने."

"पट्ट्या जेलने दाखवल्या," मावशी म्हणाली, "पण कासवापर्यंत ही पोरं पोचली."

काकूंनी चिमणीला जवळ ओढलं आणि त्या कितीतरी वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.