चार हजार फाइलींना ऊन

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ‘तरंगिणी’ यानाचा प्रणाली-कोश ९७.६ टक्के भरला आणि नियंत्रणकक्षातला पिवळा दिवा लागला.

सेरेस या बटुग्रहाच्या वाटेवरचा तो चारशे बारावा दिवस होता. यानात सहा माणसे होती. तिघे शीतनिद्रेत, तिघे जागे. हवा, पाणी, तापमान आणि दिशा सांभाळणाऱ्या सगळ्या आज्ञावली प्रणाली-कोशात राहत. आज त्यात ‘सारथी’ नावाची नवी आज्ञावली भरायची होती. ती चालू झाली की सुकाणू माणसांच्या हातातून जाऊन थेट पृथ्वीवरच्या भूमिकेंद्राकडे जाणार होते. तिला पाच टक्के जागा हवी होती. शिल्लक होती २.४.

रेवती गावंडे या प्रणाली अभियंत्रीने दिवा बंद केला आणि समोरच्या पडद्यावरची यादी वाचायला घेतली. यादी ‘स्वच्छक’ने काढली होती. चारशे दिवसांत माणसाने न उघडलेली प्रत्येक फाइल स्वच्छकाच्या लेखी केर होती. सर्वांत जुनी आधी, हवी तेवढी जागा होईपर्यंत तो पुसत जाई. आज त्याला ४,११३ फाइली सापडल्या होत्या.

दहाव्या ओळीवर ती थांबली. ‘हस्तचालन: सुकाणू हाताने चालवण्याची कृती.’ त्याखाली ‘शीतनिद्रेतील व्यक्तीस यंत्राविना जागे करणे.’

“डॉक्टर, ही यादी वाचलीत तुम्ही?”

डॉ. यशोधन पळसुले यानावर भूमिकेंद्राचे प्रतिनिधी होते. चहाची पिशवी चोखत ते दारातच तरंगत होते.

“पहिलं पान वाचलं. अंगठाही दिलाय. संध्याकाळी सहाला स्वच्छक चालेल. का?”

“आत झोपलेल्या तिघांना हातानं उठवायची कृती पुसली जातेय.”

“त्यांना यंत्र उठवतं.”

“आणि यंत्र बंद पडलं तर?”

“बाई, चारशे दिवसांत पडलंय का? ज्याची गरज लागत नाही ते अडगळ. साधा हिशेब आहे.”

“संकटाच्या वेळची फाइल संकटाच्या वेळीच उघडतात, डॉक्टर. रोज उघडायला लागली तर आपण इथे बोलत नसतो. तुमचा स्वच्छक नेमकं तेच पुसतो. आणि रोज उघडलं जातं काय? आपल्या कामगिरीचे अहवाल. कोण किती वाजता उठलं, कुणी किती पाणी प्यायलं. एकतीस टक्के कोश त्यांनी खाल्लाय. ते काढा, सारथी सहा वेळा मावेल.”

“ते भूमिकेंद्र रोज वाचतं.”

“म्हणूनच तर ते केर ठरत नाहीत!”

पळसुल्यांनी खांदे उडवले. रेवती म्हणाली, “तर मग निदान या दोन फाइली अपवादात घाला.”

“एकही अपवाद नाही. नियम मीच लिहिलाय. अपवाद ठेवला की जो तो आपलं गाठोडं त्यात कोंबतो. काही लागलंच तर पृथ्वीकडून मागवता येतं. संदेश जायला बावीस मिनिटं, यायला बावीस.”

“काय ओ डॉक्टर,” मागून आवाज आला, “मग त्या दिवशी अमोनियाला चव्वेचाळीस मिनिटं दम धर म्हणून सांगायचं राहिलंच की माझं.”

कप्तान अन्वर मुजावर आत आले होते. त्यांच्या डाव्या हाताला तीनच बोटे होती. दोनशेव्या दिवशी स्वच्छक पहिल्यांदा चालला होता; तेव्हा मुदत दोनशे दिवसांची होती. त्यानंतर महिन्याने शीतक नळीतून अमोनिया गळू लागला, तेव्हा कोणती झडप आधी बंद करायची ते सांगणारी फाइल कोशात नव्हती. मुजावरांनी अंदाजाने झडप धरली आणि हात गोठून तिला चिकटला. रेवतीने त्यांचा हात सोडवला होता. त्या वेळचे त्यांचे ओरडणे तिला अजून झोपेत ऐकू येई.

पळसुल्यांनी चहाची पिशवी मिटली. “वाईट झालं ते. पण आदेश आदेश असतो,” ते म्हणाले आणि गेले.

रेवतीने दुपारपर्यंत भूमिकेंद्राला दोन विनंत्या धाडल्या. दोन्हींना एकच उत्तर आले: नियमानुसार व्हावे. स्वच्छक थांबवण्याचा अधिकार यानावरच्या कोणालाच नव्हता.

जेवताना मुजावर म्हणाले, “गावंडेबाई, आता गप बसायचं का?”

रेवती पोळीच्या गुंडाळीकडे बघत होती. “हिंगणघाटला माझी माय एप्रिलात सगळं घर गच्चीवर काढायची. डाळी, गोधड्या, न नेसलेल्या पैठण्या. काही वापरायचं नसायचं. नुसतं ऊन दाखवायचं आणि परत ठेवायचं. मी म्हणायची, कशाला हा खटाटोप? ती म्हणायची, ऊन लागलं की कसर लागत नाही.”

“बरं, मग?”

“स्वच्छक तारीख बघतो. शेवटचं कधी उघडलं, एवढंच. आपण उघडू.”

“चार हजार?”

“यंत्राकडून उघडून घेतलं तर तो मोजत नाही. माणसाचा अंगठा लागतो आणि फाइल सहा सेकंद पडद्यावर राहावी लागते. दोघांनी मिळून साडेतीन तास.”

मुजावरांनी तीन बोटांचा हात वर केला. “याला अंगठा आहे. चला.”

दोन वाजून दहा मिनिटांनी ते बसले. अंगठा, सहा सेकंद, पुढची. आगीचे नियम. दात काढण्याची कृती. मृत सहकाऱ्याचे काय करावे. पाण्यातले विष ओळखणे. अडीच वाजता पळसुले धावत आले. म्हणजे, त्या यानात जितके धावता येते तितके.

“हे काय चाललंय?”

“वाचन,” मुजावर म्हणाले.

“ही सरळसरळ आडकाठी आहे!”

“कोणत्या नियमाखाली?” रेवतीने मान वर केली नाही. “आपल्याच यानाच्या फाइली वाचायला बंदी असेल तर तसं लिहून द्या. मी तेही उघडून सहा सेकंद वाचते.”

पळसुल्यांनी तक्रार धाडली. चव्वेचाळीस मिनिटांनी उत्तर आले: वाचनास मनाई करता येत नाही; स्वच्छक ठरल्या वेळी चालेल आणि मिळेल ती जागा घेईल. पळसुले कोपऱ्यातल्या खुर्चीला पट्टा बांधून बसले आणि दोघांकडे बघत राहिले.

पाच वाजून छत्तीस मिनिटांनी रेवतीने ४,११२वी फाइल बंद केली. तिचा अंगठा सुजला होता. यादीच्या तळाशी एकच ओळ उरली होती. नाव नव्हते, फक्त कुलुपाची खूण. तिने अंगठा लावून पाहिला. कुलूप हलले नाही.

ती पळसुल्यांकडे वळली. “डॉक्टर, एक उरलीय. माझ्या अंगठ्यानं उघडत नाही, तुमच्या उघडत असेल. येऊन बघा. चोवीस मिनिटं आहेत.”

“या पोरखेळात मी नाही.”

“दुसऱ्यांदा विचारते. तुम्ही उघडता का?”

“मी एकदा सांगितलं.”

“कप्तान, नोंद घ्या,” रेवती म्हणाली. मुजावरांनी वेळेसह नोंद घेतली.

सहा वाजता स्वच्छक चालला. त्याला एकच फाइल सापडली. ती तीन टक्क्यांची होती. त्याने ती पुसली, ५.४ टक्के जागा मोकळी झाल्याचे कळवले आणि सारथी कोशात भरायला सुरुवात केली. सहा वाजून नऊ मिनिटांनी पडद्यावर ओळ आली: ‘सारथी सज्ज. सर्वाधिकार-मुद्रा आढळत नाही.’

पळसुले पट्टा सोडून पुढे आले.

“मुद्रा. ती मुद्रा होती.”

“कसली मुद्रा?” मुजावरांनी विचारले.

“भूमिकेंद्राची. यानाचा ताबा घ्यायचा तर ती लागते. उड्डाणाच्या दिवशी हातानं बसवली होती. रेडिओवरून पाठवता येत नाही, कोणी चोरू नये म्हणून. पण ती यादीत सर्वांत शेवटी होती! तिच्यापर्यंत स्वच्छक पोचलाच नसता, जुन्या फाइलींतच जागा झाली असती...”

“झाली असती,” रेवती म्हणाली. “पण त्या आम्ही वाचल्या.”

“तुम्हाला माहीत होतं!”

“कुलूप होतं, एवढं माहीत होतं. तुम्हाला दोनदा विचारलं. चारशे बारा दिवसांत तिची गरज लागली नाही, डॉक्टर. साधा हिशेब आहे.”

पळसुल्यांनी घडलेले सगळे जसेच्या तसे पृथ्वीला कळवले. मुजावरांनी हस्तचालनाची फाइल पुन्हा उघडली; या वेळी सहा सेकंदांपेक्षा बराच वेळ. दिशेची पहिली दुरुस्ती नऊ दिवसांवर होती आणि सारथी मुद्रेविना हलणार नसल्याने ती आता हातानेच करायची होती. यापूर्वी अशी दुरुस्ती हाताने कोणी केलेली नव्हती. त्यात चुकले तर सेरेस हुकणार होता, आणि आत झोपलेल्या तिघांना त्यातले काहीच ठाऊक नव्हते. रेवती त्यांच्या कक्षाच्या काचेपाशी थोडा वेळ थांबून आली.

सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी भूमिकेंद्राचा संदेश आला. मुद्रा नसल्याने यानाने तो आदेश म्हणून न घेता नुसता मजकूर म्हणून दाखवला. त्यात एकच वाक्य होते: ‘यानावर सध्या कोणाचा आदेश चालतो, ते त्वरित कळवावे.’

साडेसात वाजता यानाच्या नोंदीत त्या संदेशापुढे एवढेच होते: उघडला, तिघांनी, प्रत्येकी सहा सेकंद. उत्तर गेलेले नाही.