कपडे न्यायला आलेला

"हा कुर्ता परत न्या."

ऋताने चमकून वर पाहिलं. दिवाळीच्या साफसफाईत निघालेले कपडे द्यायला ती गिरगावहून परळला आली होती. इस्पितळात पेशंटसोबत येऊन मुंबईत अडकलेल्या बाहेरगावच्या नातेवाइकांना इथे कपडे मिळत. टेबलामागचा तरुण तिची पिशवी उपसत होता.

"का? चांगला तर आहे!"

"दोन बटणं नाहीत. घेणाऱ्याच्या घरीही आरसा असतो, मॅडम."

ती तणतणत घरी गेली... आणि पुढच्या रविवारी बटणं लावून हजर!

"स्वतः लावलीत?"

"मग? बघा ओढून."

त्याने खरंच ओढून पाहिलं. दोघंही हसली.

त्याचं नाव राजरत्न. लालबागच्या चाळीत वाढलेला, बँकेत नोकरीला. रविवार मात्र इथला. मग ऋताचाही रविवार इथलाच झाला. एकाच साडीची दोन टोकं धरून दोघं जवळ येत, बोटांना बोटं लागत, आणि घडी काही केल्या नीट बसत नसे.

"लक्ष कुठे असतं गं तुझं?"

"साडीकडे."

"साडी खाली आहे. तू वर बघतेयस."

जानेवारीत तिच्या इमारतीतले कपडे न्यायला तो गिरगावात येणार होता. "तुझ्या अप्पांशी ओळख करून दे ना," तो म्हणाला. "लगेच काही मागत नाहीये... नुसती ओळख."

तिने मान डोलावली खरी. राजरत्न बौद्ध. तिच्या घरात जातीबाहेर कुणी लग्न केलं नव्हतं. वडील काय म्हणतील?

तो आला. कडक इस्त्रीचा शर्ट, नुकतेच कापलेले केस. दार ऋतानेच उघडलं. आतून अप्पांचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"ते... कपडे न्यायला आलेत, अप्पा."

राजरत्नच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, डोळ्यांतलं तेवढं गेलं.

"पिशवी द्या, मॅडम."

जिना उतरताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. नंतर फोनही उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तिने रडत रडत अप्पांना सगळं सांगितलं.

"मला जड गेलं असतं, खोटं कशाला बोलू? पण दारात आलेल्या पोराला मी आत बोलावलं असतं गं. तू मला विचारलंसुद्धा नाहीस."

रविवारी तिने धापा टाकतच परळ गाठलं. तो स्वेटर वेगळे काढत होता.

"चुकले मी, राजरत्न. अप्पा म्हणतात, घेऊन ये त्याला. आणि... माझं प्रेम आहे तुझ्यावर."

त्याचे हात थांबले.

"माझंही आहे. म्हणून तर एवढं लागलं. अप्पांनी हाकललं असतं ना, तर तुझा हात धरून तिथेच उभा राहिलो असतो. पण दारात तू होतीस, ऋता."

"एकदा... परत एकदा ये ना."

"आलो, तरी कुणी 'हा कोण' विचारलं की मी आधी तुझ्या तोंडाकडे बघणार. आयुष्यभर."

रांगेतल्या म्हातारीने हात पुढे केला. राजरत्नने स्वेटर तिच्या खांद्यांना लावून पाहिला, बाह्या सारख्या केल्या. ऋता दाराशी जरा घोटाळली. त्याने नुसतं वर पाहिलं असतं, तरी ती थांबली असती.