बिननावाचा आवाज

हार्ड डिस्क आठ दिवस टकटकत होती, तेव्हा कुठे धाकटीने दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

"फायली सरळ कॉपी होतात मॅडम," स्क्रू काढता काढता तो म्हणाला. "प्रोग्रामचं तसं नाही. त्यांची मुळं पसरलेली असतात. नव्या डिस्कवर रीतसर हलवावे लागतात."

"हलवा. पण तो टाइप करणारा तेवढा सुखरूप आणा. बाकीचे गेले तरी मी रडायची नाही."

तिचं काम त्यावरच चालायचं. कचेऱ्यांच्या सभांची रेकॉर्डिंग हेडफोनमधून ऐकायची, ऐकलेलं वाक्य माइकमध्ये आपल्या तोंडाने पुन्हा म्हणायचं. प्रोग्राम ते टाइप करायचा. दोघी बहिणींनी अकरा वर्षं हे पाळीपाळीने केलं. पण प्रोग्रामला आवाज शिकवला तो ताईने, पहिल्या दिवशी, एकटीने. दुसरं खातं उघडायचा कंटाळा, म्हणून धाकटीही ताईच्याच खात्यात बोलू लागली आणि तिथेच फसली. आपल्या तऱ्हेने भराभर बोलली, की पडद्यावर नुसता कचरा. ताईसारखं, एकेक शब्द सुटा करून, शेवटाला जरा ओढून बोललं, की अक्षर न् अक्षर बरोबर.

"अगं, माझ्यासारखं बोल की जरा," ताई हसायची. "तुझं काय जातंय?"

काय जातंय म्हणे! अकरा वर्षं बहिणीची नक्कल करायची, वर हे ऐकून घ्यायचं. ताई जाऊन चौदा महिने झाले, तरी त्या मेल्या यंत्राला हवी ताईच. धाकटीचं एकच मागणं होतं: नव्या डिस्कवर गेल्यावर तरी त्याने तिचं ऐकावं, तिच्या स्वतःच्या आवाजात.

अर्ध्या तासाने दुरुस्तीवाला थबकला. "इथे दोन आवाज दाखवतोय. म्हणतोय, एकच हलवता येईल."

"दोन कुठले? खातं एकच आहे."

"एकाला 'ताई' नाव दिलंय. दुसरा बिननावाचा. ऐकवू?"

पहिला ताईचा. दुसराही बाईचाच, पण घाईचा, चिडका, शब्दांची शेपटं खाणारा. एकच वाक्य ती बाई तीनदा म्हणत होती, दर वेळी जास्त वैतागून.

"ही कोण बया?"

"असेल की तुमच्यापैकीच कुणी."

"आमच्यात असं कुणी बोलत नाही!" धाकटी उसळली. "माझ्या घरात, माझ्या माइकवर ही बोलून गेली कधी? लोकांच्या सभा असतात यात, बाजारगप्पा नव्हेत. काढून टाका तिला. ताईचा ठेवा, त्यावर मी माझा चढवीन."

"मॅडम, जुनी डिस्क आता जाणार. एकदा सोडलं, की परत मिळायचं नाही."

"काढा म्हटलं ना!"

त्याने बटण दाबलं. थोड्या वेळाने जुन्या डिस्कची टकटक आपोआप थांबली.

तो गेल्यावर धाकटीने हेडफोन चढवले आणि मुद्दाम, जराही नक्कल न करता, भराभर बोलली. पडद्यावर एक चूक नाही. पानभर बोलली. एक नाही! लढाई जिंकल्यासारखी ती मागे रेलली, आणि पडताळायला तिने स्वतःचं रेकॉर्डिंग लावलं.

शब्द सुटे होते. शेवटाला ओढलेले.

तिने हेडफोन उपटून काढले.

"हा काय चावटपणा?" ती ओरडली. ते वाक्यही खोलीत तसंच पडलं. सुटं सुटं, सावकाश.

पुन्हा ओरडली. जीभ भराभरच हलत होती. कानावर येत होतं ते सावकाश.

दारात आई येऊन उभी राहिली. ऐंशी उलटलेली, पण डोळे-कान शाबूत. हातात अर्धवट सोललेला बटाटा.

"आई, मी बोलतेय! मी, धाकटी!"

आई शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होती. तिचा चेहरा हळूहळू उजळला.

मग ती धाकटीकडे वळली आणि दटावत म्हणाली, "तोंड मिटून काय बसलीस अशी? ताई केव्हाची बोलतेय. उत्तर तरी दे तिला."

धाकटीने बोटं ओठांवर नेली.

ते मिटलेलेच होते.