शेपूट नावाचा चित्रकार

संगमनेरला नूरमहंमद चाचांच्या फ्लेक्सच्या दुकानात मी आमच्या रेघोटी मंडळाचा फलक घ्यायला गेले होते. गुंडाळी हातात घेऊन बाहेर पडले, शंका आली म्हणून उलगडून बघितली, तर आत एक भलीमोठी जर्सी गाय. खाली लिहिलं होतं — ‘मोफत जनावर तपासणी शिबिर’. मी परत दुकानात शिरतेय तोच समोरून एक उंच, धुळीनं माखलेला माणूस आला. आमचा फलक त्याच्या हातात होता.

“दुसरा रविवार, वाचनालयाचा वरचा मजला,” त्यानं मोठ्यानं वाचलं. “कार्यक्रम छान आहे तुमचा. पण आमच्या गायींना जिना चढता येत नाही हो.”

“रेघा तरी ओढता येतात का?” मी विचारलं.

“त्यांना नाही. मला येतात… थोड्याशा.”

त्याचं नाव सुश्रुत. मूळचा अकोल्याकडचा, दूध संघात जनावरांचा डॉक्टर. दिवसभर मोटरसायकलवरून वाड्यावस्त्या फिरायचा. नावावरून सगळे त्याला चिडवत, आणि तो सगळ्यांना एकच उत्तर देई, की निदान माझे रोगी तरी नाव विचारत नाहीत.

तो पुढच्या रविवारी खरंच आला. आमचं मंडळ म्हणजे व्यंगचित्रं आणि चित्रकथा काढणारी हौशी माणसं — शिक्षक, कॉलेजची मुलं, एक निवृत्त तलाठी, चाचांची मुलगी अंजुम, आणि मी. मी एका शाळेत चित्रकला शिकवते. मंडळाचं बातमीपत्रही माझ्याकडेच असतं. कुणाचं चित्र कुठं छापून आलं, कुठं कार्यशाळा आहे, प्रदर्शन कधी आहे, असं सगळं दर महिन्याला मोबाईलवरून शे-दोनशे लोकांना पाठवायचं. खाली संपर्कासाठी माझा नंबर.

सुश्रुत मागच्या बाकावर बसून काढत राहिला. कार्यक्रम संपल्यावर कागद माझ्यापुढे धरला. त्यात एक बगळी होती, खांद्याला तिच्यापेक्षा मोठी पर्स, आणि ती मान वळवून वळवून सगळ्यांकडे बघत होती. सहीच्या जागी नाव नव्हतं, नुसतं एक वळणदार शेपूट होतं.

“ही कोण?”

“बातमीदार आहे. सगळ्यांच्या बातम्या देते, स्वतःची देत नाही.”

“तिची काही बातमीच नाही.”

“बरं झालं,” तो म्हणाला, आणि कान लाल करून जिना उतरून गेला.

मग रोज काहीतरी येऊ लागलं. गोठ्याच्या भिंतीला कागद टेकवून काढलेली चित्रं, त्यावर कधी शेणाचा ठिपका, कधी चहाचा. खरं नाव टाकायला तो तयार नव्हता. शेतकऱ्यांनी आपल्याला डॉक्टर म्हणून गंभीरपणे घ्यावं, असं त्याचं म्हणणं. म्हणून मंडळात तो ‘शेपूट’ झाला. शेपूट कोण, हे मला आणि अंजुमला नीट माहीत होतं. बाकीच्यांनी कधी खोदून विचारलं नाही. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी फोन हातात धरूनच घरी जायचे. रस्त्यानं हसत चालते म्हणून बाबांनी एकदा टोकलंसुद्धा. आम्ही ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी आलो, ते मला आठवत नाही. इतकं सहज ते झालं…

प्रदर्शन डिसेंबरात ठरलं होतं. त्याच्या आधीच्या बातमीपत्रासाठी सुश्रुतनं चार चौकटींची चित्रकथा दिली. पहिल्या चौकटीत आजोबा नातीला नदी दाखवतात. दुसरीत वाळूचा डंपर भरून जातो, तिसरीत दुसरा. चौथीत नदीच डोक्यावर गाठोडं घेऊन डंपरच्या हौद्यात चढते आहे, आणि ड्रायव्हर म्हणतो, “बाई, सरका आत. अजून दोन नद्या यायच्यात.”

मी खूप हसले आणि ती पहिल्याच पानावर टाकली. ती इतकी फिरली की संगमनेरच्या बाहेर, पार तिसगावच्या बाजारापर्यंत लोक एकमेकांना पाठवत होते. डंपरच्या दर्शनी भागावर सुश्रुतनं निळा मोर काढला होता. रस्त्यात बघितलेला, लक्षात राहिला म्हणून काढला, एवढंच. पण निळा मोर रंगवलेले डंपर आमच्या भागात एकाच माणसाचे आहेत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पहिला फोन शाळेत मधल्या सुट्टीत आला. आवाज शांत होता. शेपूट कोण ते विचारलं. मी म्हटलं, ते आम्ही सांगत नाही. तो म्हणाला, “सांगा. न्हाईतर मालक आपल्या पद्धतीनं हुडकतील.” आणि फोन ठेवला. माझ्या हातातला डबा तसाच राहिला.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी तोच नंबर. मी तो ‘उचलू नको’ या नावानं ठेवून दिला. एकदा शाळेच्या फाटकासमोर एक पांढरी गाडी उभी होती. आत बसलेल्या माणसानं माझ्याकडे बघितलं, मोबाईल वर केला, आणि गाडी निघून गेली. कदाचित तो कुणाच्या मुलाला न्यायला आला असेल… पण त्या दिवसापासून मी मागच्या दारानं जाऊ लागले. मागून मोटरसायकल आली की खांदे आखडायचे. रस्त्यानं हसणं बंद झालं.

सुश्रुतला मी सगळं सांगितलं आणि ते चित्र प्रदर्शनातून काढ म्हणून विनवलं. त्यानं नेहमीसारखं हसण्यावारी नेलं. मी चिडले. तू एकटा कुठल्याही वस्तीवर जातोस, उसाच्या रानातून, फोन लागत नाही अशा ठिकाणी; तुला कुणी अडवलं तर गावाला दुसऱ्या दिवशी कळेल, असं मी बोलून गेले. तो म्हणाला, “मैत्रेयी, मी घाबरत नाही असं तुला वाटतं का?” त्याच्या आवाजानं मला जास्तच भीती वाटली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही वाचनालयात चित्रं लावत होतो. सुश्रुत येणार होता, पण त्याचा फोन आला. नदीकडच्या कच्च्या वाटेवरच्या शेवटच्या वस्तीवर गाय अडली होती, वासरू अर्धवट अडकलं होतं. तिकडे माझा फोन लागत नाही, काही तातडीचं असलं तर गाय ज्याची आहे त्याच्या नंबरवर लाव, असं सांगून त्यानं मला तो नंबर पाठवला.

मी त्यावर बोट ठेवलं. पडद्यावर नाव उमटलं — ‘उचलू नको’.

मी शिडीवरच बसले. सुश्रुतला फोन लावला. लागला नाही. परत लावला. नाही. त्या दुसऱ्या नंबरवर लावायचं माझं धाडस होईना. अंजुम म्हणाली, पोलिसांना सांगू. पण काय सांगणार? जनावरांचा डॉक्टर गायीकडे गेला आहे, एवढंच? शेवटी मी तिच्याकडून स्कूटर घेतली. तासाभरात माझा फोन आला नाही तर तू बाबांना घेऊन चौकीवर जा, असं तिला सांगून निघाले.

कारखान्याचा हंगाम चालू होता. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला. पुढे डांबरी सोडून नदीकडच्या कच्च्या वाटेला लागले तेव्हा दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, आणि आवाज फक्त स्कूटरचा. समोरून एक डंपर आला. वाट एवढी अरुंद की मला स्कूटर उसात घालावी लागली. डंपर अगदी अंगावरून गेल्यासारखा गेला. त्याच्या दर्शनी भागावर निळा मोर होता. स्कूटर परत वाटेवर ओढायला मला वेळ लागला. परत फिरावं असं वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. वाटलं. पण त्याची मोटरसायकल पुढे कुठंतरी उभी असणार, हेच डोळ्यांपुढे येत राहिलं.

मोटरसायकल वस्तीच्या दारात उभी होती. गोठ्यातून माणसांचे दबलेले आवाज येत होते. मी धावतच आत गेले.

सुश्रुत गायीमागे गुडघ्यांवर बसला होता, खांद्यापर्यंत हात माखलेला. एक बाई गायीची मान धरून होती. पन्नाशीचा एक माणूस दोरी ओढत होता आणि रडत होता. मला बघून सुश्रुतला आश्चर्य वाटायलाही सवड नव्हती. “डोकं मागं वळलंय. मी सरळ करतो. सांगेन तेव्हा यांच्याबरोबर ओढ,” एवढंच तो बोलला.

मी त्या अनोळखी माणसाच्या शेजारी उभी राहून ओढू लागले. हात सोलवटले. गाय कण्हत होती, आणि सुश्रुत तिच्याशी बोलत होता, हळू, लाडानं, लहान मुलाशी बोलावं तसं. मग एकदम दोरी सैल झाली आणि आम्ही दोघं मागे पडलो. समोर गवतावर ओलीचिंब कालवड पडली होती. सुश्रुतनं तिच्या नाकातोंडातला चिकटा काढला, छाती चोळली… चोळत राहिला… आणि ती शिंकली.

त्या बाई, लंकाबाई, खाली बसल्या आणि त्यांनी गायीच्या गळ्याला मिठी मारली. त्यांचा नवरा रंगनाथ तांब्या घेऊन आमच्या हातांवर पाणी घालू लागला. माझ्या हातांवर घालताना थांबला.

“बाई, तुमाला फोन मीच करत हुतो,” तो म्हणाला. तोच शांत आवाज. मी हात मागे घेतले. “मालकाचे डंपर मी बघतो. त्यांनी सांगितलं की करावं लागतंय.”

सुश्रुत माझ्यापुढे येऊन उभा राहिला. रंगनाथनं मान हलवली आणि गोठ्याच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं खडूनं एक म्हैस काढलेली होती, इंजेक्शन कुठं द्यायचं त्या जागी खूण करून. मागच्या उन्हाळ्यात सुश्रुतनंच समजावायला काढली होती. तिचं शेपूट वळणदार होतं.

“ह्या शेपटावरनं मला कवाच कळलंय. मालकाला आजून म्हाईत न्हाई, आन मी सांगनार न्हाई. पर उद्या ते चित्र टांगू नगा, डॉक्टर. टांगलं तर ते दुसरा मानूस लावतील कामाला. त्यो माज्यासारखा नसंल.”

चहा आला, तो आम्ही उभ्यानंच प्यायलो. डांबरी रस्त्यावर आल्याबरोबर मी अंजुमला फोन केला. सुश्रुतनं मोटरसायकल कडेला घेतली. उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, त्यांच्या धुरळ्यात त्याचा चेहरा पांढरा दिसत होता. तो म्हणाला, चित्र काढून टाकू. स्वतःसाठी नाही, पण मी आज त्या वाटेनं एकटी आले, उद्याही येईन, आणि ते त्याला सोसणार नाही.

गंमत म्हणजे मला हेच हवं होतं, महिनाभर मी हेच मागत होते. पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि पटेना. एका फोननं चित्र खाली येतं हे त्यांना कळलं तर पुढच्या वेळीही फोन येणार, मी म्हटलं. आणि आपण दोघांनीच का म्हणून घाबरून बसायचं? मंडळाला सांगू या.

त्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं. निवृत्त तलाठी चष्मा पुसत राहिले. दोघांनी आपली चित्रं काढून घेतली; त्यांना मी दोष देत नाही. उरलेले आम्ही चौकीवर गेलो आणि फोन नंबर न देता, डंपरच्या मालकाच्या माणसांकडून धमक्या येतात अशी लेखी तक्रार दिली. रंगनाथचं नाव कुणालाही सांगितलं नाही. मग सुश्रुतनं चौथ्या चौकटीखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. शेवटचं अक्षर वाकडं आलं.

प्रदर्शनाला गर्दी झाली. दूधवाले आले, माझ्या शाळेची मुलं आली. दुपारी तीन माणसं आली, ज्यांना चित्रांशी काही घेणं नव्हतं. ती नदीच्या चित्रासमोर उभी राहिली. एकानं नावाचा फोटो काढला आणि वळून आमच्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. चाचा आपली खुर्ची ओढून चित्राशेजारी बसले. तलाठी त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, मग एक दूधवाला, मग बाबा. ती माणसं थोडा वेळ थांबली आणि जिना उतरून गेली. गाडी सुरू होऊन दूर जाईपर्यंत मी खिडकीतून बघत होते.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. अंजुम खाली फलक उतरवत होती. मी भिंतीवरच्या पिना काढत होते, सुश्रुत त्या डबीत घेत होता.

“आता तरी भीती गेली का?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“मलाही वाटते अजून. चित्र नसतं काढलं तर…”

“चित्राचं काही नाही रे,” मी म्हटलं. पीन बोटाला टोचली, तरी मी भिंतीकडेच बघत राहिले. “ते नसतं तरी तू या वाटांवरून फिरणारच होतास. आणि मी इकडे फोन लावत बसणारच होते. काल उसातून जाताना कळलं मला… ही भीती तुझ्यामुळे आहे.”

त्यानं माझं बोट हातात घेऊन बघितलं. रक्ताचा बारीक थेंब आला होता. तो त्यानं अंगठ्यानं पुसला, फार हळू.

“यावर काही औषध नाही माझ्याकडे,” तो म्हणाला. “कशानं कमी होईल, ते तूच सांग.”

“रोज संध्याकाळी माझ्या घरी परत आलास… तर होईल.”

“रोज?”

“उशीर झाला तरी चालेल. पण रोज.”

खालून अंजुमनं हाक मारली, की फलक दुकानात ठेवायचेत, चाचा त्यासाठी थांबलेत. सुश्रुतनं माझं बोट सोडलं नाही. तो खिडकीतून खाली वाकला आणि म्हणाला की चाचांना पुढं जाऊ दे, आम्हाला आधी मैत्रेयीच्या बाबांना भेटायचंय.