पळसदऱ्याचा नकाशा

हबीब मोजणीदाराची बैलगाडी नव्या पळसदऱ्याला पोचली तेव्हा फाल्गुनातलं ऊन चांगलंच तापलं होतं. साल एकोणीसशे चौतीस. जुनं पळसदरे धरणाच्या पाण्याखाली गेल्याला सोळा वर्षं झाली होती. सरकारने माणसांना वर माळावर जागा दिली, त्यांनी तिथे चाळीसेक घरं उभी केली, पण त्या गावाचा नकाशा काही अजून झाला नव्हता. नाशिकच्या कचेरीतून ते काम हबीबकडे आलं.

पाटलांच्या, म्हणजे खंडेरावांच्या ओसरीवर त्याची सोय होती. मोजणीची साखळी धरायला गावातलेच यादव आणि वाल्मीक मिळाले. दोघे तिशीतले, काटक, कमी बोलणारे.

पहिल्या सकाळी चावडीपासून पूर्वेला सरळ रेषेत साखळी टाकायची होती. वाल्मीक टोक घेऊन निघाला आणि उघड्या माळावर मध्येच वळसा घालून पलीकडे गेला.

"सरळ जा की," हबीब म्हणाला.

"वड हाय ना तितं," वाल्मीक म्हणाला.

हबीबने पाहिलं. तिथे मुरूम होता आणि वाळलेलं गवत.

"जुन्या गावात चावडीपुढं वड होता, साहेब," यादवने खुलासा केला. "हितं आलो तवा म्हाताऱ्यांनी ठरवलं, वड हितं, वढा तितं, मारुती तिकडं. समदं होतं तसं. नाय तर मानसानं चालायचं कसं?"

मग हबीबला ते सगळीकडे दिसू लागलं. पाण्याला जाणाऱ्या बाया सपाट कोरड्या जमिनीवर एका जागी लुगड्याचा घोळ घोट्याच्या वर धरत आणि चार पावलं तशाच जात. पारंबी चुकवावी तशी एखादा म्हातारा मान वाकवी. जुनं गाव न पाहिलेली पोरंही पळता पळता तोच वळसा घेत.

संध्याकाळी खंडेरावांची आई कुसाबाई ओसरीवर तांदूळ निवडत त्याला एकेक नाव सांगू लागली. घसरंडी, जिथे तिची पाचही पोरं चड्ड्या फाडून घेत. बोरीचा बांध. सासुरवाशिणीचा दगड.

"तितनं गाव शेवटचं दिसायचं, बाबा. सासरी जानारी पोरगी गाडी थांबवून मागं बघायची."

"आणि आता?"

"आता तितनं काय दिसत नाय. खळगा लागतो. पन पोरी उतरतात, बघतात. कुनीतरी बघायला पायजे ना."

हबीब मूळचा मालेगावचा. वडिलांचे माग विकले गेले तेव्हा ते घर सुटलं, त्याला बारा वर्षं झाली. जुन्या नाशकात बायको अमिनासोबत तो भाड्याच्या घरात राहत होता. तिथल्या दाराची कडी उजवीकडे. अजूनही बाहेरून दमून आला की त्याचा हात डावीकडे जाई, मालेगावच्या कडीकडे. ही गोष्ट त्याने कधी अमिनालाही सांगितली नव्हती. कुसाबाईला सांगितली.

"मग तुमाला कळंल," ती म्हणाली आणि खडे वेचत राहिली.

त्या संध्याकाळी हबीबने नियमाबाहेरचं एक काम केलं. कच्च्या नकाशावर घरं, बांध, वाटा काळ्या शाईने होत्याच. त्यावर त्याने लाल शाईने वड काढला, ओढ्याची रेघ ओढली, दगडाचं नाव घातलं. कचेरीतला साहेब रागावला असता. पण नुसता मुरूम काढला असता तर तो नकाशा या गावाचा झाला नसता, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या जागेवरून साखळी गेली. यादवने ती पलीकडून ओढून घेतली आणि गोळा करू लागला. हबीबने हात लावला तर मधल्या दहा-बारा कड्या गार लागल्या. ओल्या होत्या. एका कडीत हिरवं शेवाळ अडकलं होतं, केसासारखं लांब.

"कुठे भिजली?"

यादवने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "वढ्यात," तो म्हणाला.

हबीबने साखळी सदऱ्याच्या टोकाने पुसली. रात्री ती विहिरीपाशी पडली असेल, असा त्याने विचार केला. तो विचार त्याला पटला नाही, पण काम पुष्कळ उरलं होतं.

तिसऱ्या दिवशी वस्तीच्या मधल्या ओळीतली घरं मोजायची होती. तिथे दोन घरांच्या मध्ये एक घर मावेल एवढी जागा रिकामी होती. दोन्हीकडच्या भिंती त्या बाजूला आंधळ्या. ना खिडकी, ना कोनाडा. गर्दीच्या वस्तीत ही जागा मोकळी का, हे साखळीवाल्यांना विचारायला हवं होतं. पण दुपार झाली होती आणि दोघे जेवायला गेले होते.

तिथे एक म्हातारी बसली होती. अंगाने बारीक, शेवाळी लुगडं, कपाळाला काही नाही. पाय खाली सोडून बसलेली.

"ही जागा कुणाची, आजी?"

"माझी," ती म्हणाली. "माझंच घर. लिवा की. समद्यांची लिवली."

"नाव?"

"नवसाबाई."

हबीबने नकाशाची फळी गुडघ्यावर धरून लाल शाईने लिहिलं, नवसाबाईचं दार. लाल शाई का घेतली, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. वर पाहिलं तेव्हा ती नव्हती. घरात गेली असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि तो दहा पावलं पुढे गेल्यावर थांबला.

पाय खाली सोडून बसायला तिथे काही नव्हतं. जमीन सपाट होती.

संध्याकाळी गाव चावडीपुढे जमलं. नकाशा पाहायचा होता. खंडेरावांना वाचता येत होतं. ते बोट फिरवत एकेक नाव मोठ्याने वाचू लागले. वड आला तेव्हा म्हातारे हसले. सासुरवाशिणीच्या दगडाला बायांनी पदर डोळ्यांना लावला. कुणी म्हणालं, साहेब, आमचं गाव दिलंत. खंडेराव वाचत गेले, आणि वाचण्याच्या भरात तेही नाव वाचून गेले.

"नवसाबाईचं दार."

खंडेरावांचं बोट कागदावर तिथेच थांबलं.

"हे तुमाला कुनी सांगितलं?" कुसाबाईने विचारलं.

"तिनेच."

माणसं एकेक करून उठली. शेवटी पाटील, त्यांची आई आणि हबीब एवढेच राहिले.

"एकटी रांडमुंड बाई होती," कुसाबाई म्हणाली. "पानी चढलं तवा पंचवीस गाड्या निघाल्या. ज्याला त्याला वाटलं, म्हातारी दुसऱ्याच्या गाडीत हाय. माझ्या गाडीत जागा होती, बाबा. मलाबी वाटलं." तिने हातातला पदर पिळला. "हितं आल्यावर समद्याला नावं दिली. तेवढं एक दार दिलं नाय. कुन्या तोंडानं देनार?"

"खोडा ते, साहेब," खंडेराव हलक्या आवाजात म्हणाले.

हबीबने पात्याने नाव खरवडलं. लाल भुकटी फुंकरली. कागद तिथे इतका पातळ झाला की खालचं लाकूड दिसू लागलं.

सकाळी यादवने गाडी जोडली. बाया पाण्याला निघाल्या होत्या. गाडी मधल्या ओळीत आली तेव्हा हबीबने त्यांना पाहिलं.

पहिली त्या मोकळ्या जागेपुढे थांबली. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "पान्याला," ती हळूच म्हणाली, आणि गेली.

दुसरी थांबली. "पान्याला, मावशे."

तिसरी थांबली.

कुसाबाई जागेच्या कडेला भुईवर बसली होती, कुणाच्या तरी शेजारी बसावं तशी, जरा जागा सोडून. ती रडत होती, आणि मधूनच मान हलवत होती.

बैल तिथे येऊन आपोआप उभे राहिले. यादवने चाबूक उचलला नाही.

"हाक की," हबीब म्हणाला.

"कुटं निगाला, इचारती," यादव समोर बघत म्हणाला. "सांगा तिला. सांगितल्याबिगर सोडायची नाय कुनाला."

हबीबने त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

"नाशिकला," तो म्हणाला.

बैल हलले नाहीत. यादव जरा वेळ कान देऊन बसला.

"नाशकात कुटं, म्हनती. कुटल्या गल्लीत."