चिमूटभर कमी

भट्टीतून नुकताच काढलेला मर्राकेता पाव थंड होताना आवाज करतो. फार बारीक आवाज, वाळलेला पाला बोटांत हळूच चुरावा तसा. वरचं कवच आतल्या लुसलुशीत भागाच्या आधी आक्रसतं, त्यावर केसाएवढ्या चिरा पडत जातात आणि प्रत्येक चीर एकदा 'टिक' म्हणते. सुरुवातीला हे टिकटिकणं दाट असतं, मग विरळ होतं, मग थांबतं.

हे मी वाचलेलं होतं. ऐकलं मात्र जूनमधल्या, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळ्यातल्या, त्या दुपारी, आमच्या वाल्दिव्हिया गावच्या वाऱ्यापावसाने माझी छत्री उलटी केली आणि मी समोर दिसलं त्या दारात शिरले तेव्हा. आत काउंटरवर कोणी नव्हतं. पावांनी भरलेली टोपली होती. मी वाकून तिला कान लावला.

"काय म्हणतोय?"

मी दचकून सरळ झाले. आतल्या दारात एक माणूस उभा होता. भुवयांवर पीठ, हातात रिकामा पत्रा.

"कोण?"

"पाव. माझी चहाडी करत असेल तर विश्वास ठेवू नका."

"नाही, तो फक्त... आकुंचन पावतोय."

"बिचारा," तो म्हणाला. "आणि तुम्हीही पावताय, थंडीने. या, भट्टीजवळ उभ्या राहा, कासेरा."

आमच्याकडे बांधलेल्या गिऱ्हाइकाला कासेरा म्हणतात. मी म्हणाले, "मी तुमची कासेरा नाही. पहिल्यांदाच आलेय."

"पहिल्यांदा सगळेच येतात. दुसऱ्यांदा न आलेलं कोणी अजून मला भेटलेलं नाही."

तेवढ्यात त्याच्या डोक्यावरची पाटी मला दिसली आणि ओशाळल्यासारखं झालं. मान्सिया बेकरी. या बेकरीला मी तीन निरोप पाठवले होते, एकाचंही उत्तर नव्हतं.

"तुम्ही... सिरो मान्सिया?"

त्याने पत्रा खाली ठेवला. "अरे देवा. मिठाच्या बाई."

"माझं नाव रायेन आहे."

"इतक्या चिकाटीने मला आजवर कुठल्या मुलीने विचारलं नव्हतं. लाजून उत्तर दिलं नाही."

मी विद्यापीठात वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या विभागात काम करते. लोकांना वाटतं, आम्ही अमृत शोधतो. आम्ही शोधत होतो एक बेकरी. आमच्या गावात माणूस सकाळी पाव खातो, संध्याकाळच्या चहाला पुन्हा पाव खातो, आणि बहुतेकांच्या पोटात पावातून किती मीठ जातं याची त्यांना कल्पनाही नसते. वर्षानुवर्षं ते मीठ रक्तदाब चढवतं, रक्तवाहिन्या ताठर करतं. पण पावातलं मीठ एकदम न तोडता दर पंधरवड्याला चिमूटभर कमी केलं, तर जिभेला ते कळत नाही. रक्तवाहिन्यांना कळतं. हे आमच्या गावात करून पाहायचं होतं आणि बाकी सगळ्या बेकरीवाल्यांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं.

"मीठ कमी?" गल्ल्यामागचा पडदा सरकवून एक बाई बाहेर आल्या. सिरोची आई, ओतिलियामावशी. "सिरो, ही पोरगी आपल्याला देशोधडीला लावायला आलीय का?"

"नाही आई. फक्त अळणी करायला."

"मग हो म्हण. तू तसाही अळणीच आहेस."

तो माझ्याकडे बघून हसला. माझी छत्री जमिनीवर भलंमोठं तळं करत होती.

"एका अटीवर," तो म्हणाला. "दर वेळी मीठ कमी कराल तेव्हा पहिलं पीठ तुम्ही मळायचं. लोकांनी दगड मारले तर निम्मे तुमचे."

मी हो म्हणाले. विचार करायला हवा होता खरं तर, पण म्हणून गेले.

---

भिंतीवर आम्ही ठळक अक्षरांत सूचना लावली, की इथल्या पावातलं मीठ टप्प्याटप्प्याने कमी होत आहे, विद्यापीठाचा अभ्यास आहे, शंका असल्यास विचारा. एकाही माणसाने ती वाचली नाही. रोजचं गिऱ्हाईक असलेले आबेल आजोबा तर ती लावलेल्या खिळ्यालाच आपली ओली टोपी अडकवायचे.

शेगडीजवळच्या कोपऱ्यात मी खुर्ची मांडली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचा रक्तदाब मोजू लागले. लोकांना ते आवडलं. पाव निघायला वेळ असला की खुर्चीसाठी रांग लागायची.

पहिल्या टप्प्याला मी पीठ मळायला उभी राहिले. मीठ कमी झालं की पीठ चिकट होतं आणि लवकर फुगतं. ते माझ्या कोपरापर्यंत चढलं.

"मूठ उघड," सिरो म्हणाला. "तू त्याचा गळा दाबल्यासारखं धरतेस."

तू. मी वर बघितलं. मी वर बघितलेलं त्याला कळलं. त्याचे कान भट्टीकडून लाल झाले होते की दुसऱ्या कशाने, हे ठरवायला माझ्याकडे साधन नव्हतं.

"म्हणजे... तुम्ही," तो म्हणाला.

"तू चालेल," मी पिठाकडे बघत म्हणाले.

त्यानंतर मी टप्पे नसतानाही जाऊ लागले. नमुने न्यायचे आहेत, असं मी स्वतःला सांगायचे. तो गरम मर्राकेता मधल्या खाचेवर मोडायचा, अव्होकाडो चुरून लावायचा आणि अर्धा माझ्यापुढे धरायचा. दर वेळी मोठा अर्धा माझ्याकडे यायचा.

"दोन्ही सारखे आहेत," तो म्हणायचा.

"नाहीत. मी वजन करून दाखवू?"

"तुला सगळंच मोजायचं असतं ना?"

"तू सोडून सगळ्यांनी मोजू दिलंय," मी म्हणायचे, खुर्चीकडे बोट दाखवून.

"उद्या," तो म्हणायचा आणि आत पळायचा.

तिसऱ्या पंधरवड्यात आबेल आजोबा काउंटरवर पाव आपटत म्हणाले, "काय घातलंय यात? का काय काढलंय? तीन दिवस झाले, चवच नाही."

मी घाईने नोंदी चाळल्या. मग आठवलं, त्या आठवड्यात आम्ही काहीच बदललेलं नव्हतं. मी सिरोकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. आम्ही दोघंही पिठाच्या गोणीमागे बसून तोंड दाबून हसलो. गोणीमागे जागा फार नव्हती. त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला होता आणि हसू थांबल्यावरही कोणी उठलं नाही...

"गुडघा तुझा की माझा?" त्याने कुजबुजत विचारलं.

"माझा. काढ हात."

त्याने काढला. जरा सावकाशच.

---

"तो तुला विचारणार नाही," ओतिलियामावशी एकदा चहा ओतताना म्हणाल्या.

आमच्याकडे प्रियकराला पोलोलो म्हणतात. पोलोलो हा खरं तर उन्हाळ्यात फुलांभोवती भिरभिरणारा हिरवा भुंगा. पण नुसतं भिरभिरून भागत नाही. माणसाला स्पष्ट शब्दांत विचारावं लागतं, माझ्याशी जोडी जमवशील का, म्हणून. तोवर काही सुरू झालंय असं कोणी धरत नाही, शेजारीपाजारी तर नाहीच नाही.

"मी कुठे म्हटलं, त्याने विचारावं?" मी म्हणाले.

"तू नाही म्हटलंस. तुझ्या कपातली साखर म्हणाली. चार चमचे घातलेस." त्यांनी कप बदलला. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "ह्याचे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी भट्टीसमोर कोसळले. मेंदूत रक्तस्राव. आजोबा त्याहून तरुण गेले. दोघांनाही रक्तदाब होता आणि दोघांनीही मोजला नव्हता. आता ह्याने मनाशी धरलंय, आपलंही तेवढंच. नवी भट्टी विकायला माणूस आला होता, म्हणाला तीस वर्षं बघावं लागणार नाही. हा हसला आणि जुनीलाच डाग देऊन घेतला. पोरींचंही तेच. विचारायची वेळ आली की हा पीठ मळायला जातो."

"तो चौतिसाचा आहे."

"म्हणजे त्याच्या हिशोबात निम्म्याहून जास्त संपलं."

मी चहा प्यायले. गोड नव्हता आणि मला ते कळलंही नाही.

---

ऑगस्टच्या शेवटी आम्ही ठरवलेल्या तळाशी पोचलो. पावात आता पूर्वीच्या तीन चतुर्थांशही मीठ नव्हतं. मग चाचणी घेतली. प्रत्येक गिऱ्हाइकासमोर तीन तुकडे, दोन सारखे आणि एक वेगळ्या मिठाचा. वेगळा कोणता ते सांगा. आबेल आजोबांनी डोळे मिटून चावलं, कमी मिठाच्या दोन सारख्या तुकड्यांतला एक उचलला आणि म्हणाले, "हा. हा सिरोच्या बापाच्या हातचा. बाकीचे दोन आजकालचे."

मी आकडे घेऊन प्रयोगशाळेत गेले. दोनदा तपासले. मग छत्री तिथेच ठेवून पळत सुटले. नदीकाठचा रस्ता, मासळीबाजारामागे आडवे पडलेले समुद्रसिंह, पूल, सगळं पाण्यातून दिसत होतं. माझं हृदय इतकं जोरात चाललं होतं की पळण्याने एवढं चालणं शक्य नाही, एवढं मला कळत होतं.

"कोणालाच ओळखता आलं नाही," मी दारातच सांगितलं. "नुसतं अंदाजाने बोट ठेवलं असतं तरी इतकेच बरोबर आले असते. सिरो, सगळ्या गावाला करता येईल हे. सगळ्या..."

त्याने मला उचललं. पाय जमिनीवरून सुटले, रेनकोटवर त्याचे पिठाचे दोन्ही पंजे उमटले. खाली ठेवल्यावरही त्याने हात काढले नाहीत. त्याच्या पापण्यांवर पीठ होतं. आम्ही इतके जवळ होतो की मला ते मोजता आलं असतं.

"रायेन," तो म्हणाला. "मी तुला..."

मी वाट पाहिली.

"...पाव देतो. गरम आहे."

"नको मला पाव," मी म्हणाले. "खुर्चीत बस."

"उद्या."

"आज."

"अगं, आज आनंदाचा दिवस आहे. आज कशाला माझी जन्मकुंडली काढतेस?"

"ती जन्मकुंडली नाही. रक्तदाब आहे." माझा आवाज चढला नाही, माझा कधीच चढत नाही. "वडिलांकडून तुला कल मिळाला असेल. तारीख मिळालेली नाही. त्यांना गोळी मिळाली असती, चालायला लावणारं कोणी मिळालं असतं, तर ते आज आबेल आजोबांशी भांडत बसले असते. तू अडीच महिने सगळ्या गावाच्या शिरा वाचवतोयस आणि स्वतःची मात्र अस्तनीखाली लपवतोस."

"आणि वाईट निघालं तर?"

"तर वाईट आहे ते कळेल. आत्ताही ते असेलच. फक्त तुला माहीत नसेल."

तो बोटांवरचं पीठ चोळून काढत राहिला.

"तू माझ्याभोवती भिरभिरतोस ते मला आवडतं," मी म्हणाले. "फार आवडतं. पण जो माणूस आपण नसण्याची तयारी आधीच करून बसलाय, त्याच्या प्रेमात पडून मी काय करू? मी रोज तुझ्याकडे बघून वर्षं वजा करत बसू?"

दार उघडून मी पावसात गेले.

---

दुसऱ्या दिवशी मी गेले ते केवळ खुर्ची आणि यंत्र परत आणायला. चहाच्या आधीची वेळ, रांग दाराबाहेर गेलेली. मी कोपऱ्यात वायर गुंडाळत होते. काउंटरची फळी उचलल्याचा आवाज आला. सिरो बाहेर आला, ॲप्रन काढला, खुर्चीत बसला आणि डावी बाही दंडापर्यंत वर सारली.

रांग थबकली. ओतिलियामावशींचा हात गल्ल्यावर तसाच राहिला.

"पाय सरळ ठेव," मी म्हणाले. "पाठ टेकव. बोलायचं नाही."

"किती वेळ?"

"बोलायचं नाही म्हटलं ना."

आबेल आजोबांना हसू आलं, कोणीतरी त्यांना कोपराने ढोसलं. मी पट्टा बांधला. त्याच्या कोपराच्या आतली त्वचा मऊ होती, भट्टीची आच तिथवर कधी पोचली नव्हती. पट्टा फुगला, हळूहळू उतरला.

"किती?"

मी वाकून त्याच्या कानाशी सांगायला गेले. तो म्हणाला, "मोठ्याने सांग. आईलाही ऐकायचंय."

"एकशे अठ्ठावन्न. खालचा शहाण्णव."

मावशींनी डोळे मिटले. सिरोचा रंग उतरला.

"तू इतकी जवळ उभी आहेस म्हणून वाढलाय," तो म्हणाला. पण ओठ कोरडे पडले होते.

"असेल. म्हणून पुन्हा घेणार." पुन्हा घेतला, मग थांबून तिसऱ्यांदा. थोडा उतरला, पुरेसा नाही. "जास्त आहे, सिरो. आठवडाभर रोज घरी मोजायचा. मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई ठरवतील. बहुतेक गोळी. रोज चालणं. आणि तुझा स्वतःचा पाव, हा नवा."

"एवढंच?"

"एवढंच. पण कायम."

कायम या शब्दावर तो जरा थबकला. मी पट्टा सोडायला लागले, त्याने माझा हात तिथेच धरला.

"आणि हे सगळं केलं, तर?"

"खात्री देता येत नाही मला. शक्यता देते. चांगली शक्यता."

"कसली?"

"गुडघे दुखण्याची," मी म्हणाले. "कानांवर केस उगवण्याची. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधण्याची. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगण्याची... आणि कोणीतरी ती चौथ्यांदा ऐकून घेण्याची."

माझ्या बोटांखाली त्याची नाडी धावत होती. तो माझ्याकडे बघत राहिला. मग रांगेकडे, मग आईकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आत जाऊन मळावं असं पीठ कुठेच शिल्लक नसल्यासारखा.

"रायेन," तो म्हणाला, दारापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मला म्हातारं व्हायचंय. तुझ्याबरोबर."