गणतीला दुसरं माणूस

माझी चादर तळ्यात पडली म्हणून मला अंबरीष भेटला. नाहीतर शनिवारी सकाळी साडेसातला अंथरुणाबाहेर पाय टाकणारी मुलगी मी नव्हे.

जपानच्या नागोयात डिसेंबरमध्ये इबुकीच्या डोंगरावरून कसला वारा सुटतो, याची मला तोवर कल्पनाच नव्हती. कंपनीने पुण्याहून इथे पाठवून जेमतेम दोन महिने झाले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत मी चिमटे न लावता चादर वाळत घातली आणि चहा टाकायला आत वळले, तेवढ्यात ती उडाली. रस्ता ओलांडून थेट समोरच्या तळ्यावर. मी स्लिपर घालून खाली धावले. चादर पाण्यावर पसरली होती, तळ्यातली झाडून सगळी बदकं आभाळात चढली होती, आणि काठावर दुर्बीण घेऊन उभा असलेला एक उंच मुलगा स्वतःशीच मराठीत म्हणत होता, "झालं. मुसळ केरात."

"काय झालं?" मी विचारलं.

तो दचकून वळला. मराठी ऐकून दचकला की माझ्या स्लिपर बघून, ते मला अजून कळलेलं नाही.

"एकशे त्र्याऐंशी मोजून झाली होती," तो म्हणाला. "चादर… तुमची?"

"नाही, बदकांची. थंडी पडलीय ना."

हसू लपवायला त्याने घाईघाईने दुर्बीण डोळ्यांना लावली, तीही उलटी. मग गमबूट घालून पाण्यात उतरला आणि चादर घेऊन आला. दोन टोकं दोघांनी धरून आम्ही ती पिळली. बर्फासारख्या पाण्याने माझी बोटं लाल झाली होती, त्याचीही. त्याने बोटांकडे बघितलं, मी त्याच्या बोटांकडे, आणि मग दोघांनीही चादरीकडे.

अंबरीष भिगवणचा. गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनीअर, नागोयात तीन वर्षं. दर शनिवार-रविवार सकाळी तो या एकाच तळ्यावर यायचा. चिरेबंदी काठ, एका बाजूला बांबू, दुसऱ्या बाजूला आमची बिल्डिंग, एवढंसं तळं. दुसरीकडे का जात नाहीस, असं मी त्याला पुढे विचारलं, तेव्हा तो म्हणाला की एकाच जागी पुन्हापुन्हा गेलं की ती जागा आपल्याशी बोलायला लागते. मी म्हटलं, माझ्याशी तर बॉसही बोलत नाही.

पुढच्या शनिवारी मी आपली सहज खाली गेले. त्याच्या पुढच्या शनिवारी केस विंचरून गेले. वारा असा की विंचरलेले केस काठावर पोचेपर्यंत झिंज्या व्हायचे. एक वादळ सरलं की दुसरं हजर. कधी पाऊस, कधी भुरभुर बर्फ. अंबरीष कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून गरम कॉफीचे दोन डबे आणायचा आणि माझा डबा आधी आपल्या जॅकेटच्या खिशात ठेवायचा, गार होऊ नये म्हणून. तो मला शिकवायचा. बुडी मारून भलतीकडेच निघते ती टिबुकली. कपाळावर पांढरा टिळा तो चांदवा. चोच फावड्यासारखी असेल तर थापट्या. मी चुकले की तो काही बोलायचा नाही, फक्त थांबायचा, आणि ते थांबणं मला फार आवडायला लागलं होतं.

तिथेच कोन्दो-सान भेटले. वय चौऱ्याहत्तर, हातात पेन्सिल बांधलेली वही. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी हिवाळी गणती असते. या तळ्याची गणती त्यांनी एकतीस वर्षं एकदाही चुकवली नव्हती. त्यांच्या गटाचा नियम असा की दोन माणसांनी वेगवेगळं मोजायचं, आपापला आकडा लिहायचा आणि मगच एकमेकांना दाखवायचा. फरक दहात एकापेक्षा जास्त निघाला, तर पुन्हा पहिल्यापासून. एकट्याची गणती धरतच नाहीत. या वर्षी कोन्दो-सानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, गणती अंबरीषवर सोपवली होती, आणि त्याला दुसरं माणूस हवं होतं.

"तोवर बदकं ओळखायला शिकलात…" तो म्हणाला, "तर याल?"

मी खांदे उडवले. वर घरी येऊन मात्र आरशासमोर उभी राहून हसले. मला दुसरं माणूस व्हायचं होतं. त्याच्या गणतीला आणि, खोटं कशाला बोलू, त्याच्या बाकीच्या सगळ्यालाही.

आणि मग मी नको ते केलं. नव्या वर्षाच्या पहिल्या शुक्रवारी मोठं वादळ झालं आणि शनिवारी तळ्यावर एक अनोळखी बदक उतरलं. पांढरंशुभ्र, डोळ्यांभोवती काळं, अगदी पांडा. कोन्दो-सान म्हणाले, मिको-आइसा, या तळ्यावर नऊ वर्षांनी. तिथला अलिखित शिरस्ता अंबरीषने मला पहिल्याच आठवड्यात सांगितला होता: वेगळा पक्षी दिसला तर जागा कुणाला सांगायची नाही. पण इथल्या मराठी मंडळाच्या फोनवरच्या ग्रुपमधली माणसं मला 'कुणी' वाटलीच नाहीत, ती आपलीच. मी फोटो टाकला. खाली पत्ताही.

रविवारी सकाळी मराठी मंडळाची सव्वीस माणसं आली. सेक्रेटरी सुरेखाताई भाकरवडीचे पुडे आणि चहाचे दोन मोठे थर्मास घेऊन आल्या, सतरंजी आली, पोरं आली. कुणीतरी पांडाला पाव टाकला. तो उडाला तो परत आलाच नाही, आणि त्याच्यामागे अर्धं तळंही उठलं. कोन्दो-सानांनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि मग वाऱ्यावर उडणारे कागद एकेक करून वेचायला लागले, तसा दुखरा गुडघा घेऊन. मी धावले, पण त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली नाही.

अंबरीष चिडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "राहू दे. गणतीला मी ऑफिसातल्या कुणालातरी विचारतो."

मी सोमवारभर रडले. मंगळवारी ग्रुपवर स्पष्ट लिहिलं की चूक माझी, यापुढे तळ्याचा पत्ता कुणी पुढे पाठवू नये. सुरेखाताईंनी अंगठा पाठवला आणि पाठोपाठ फोन करून विचारलं की तो मुलगा कोण. बुधवारी मी ऑफिसातून लवकर निघाले आणि मिठाईचा खोका घेऊन हॉस्पिटलात कोन्दो-सानांसमोर वाकून उभी राहिले. माझं जपानी मोडकं, त्यामुळे माफी फार लवकर संपली. त्यांनी विचारलं, त्या दिवशी माणसं किती होती? मी सांगितलं, सव्वीस. आणि उडाली ती बदकं किती? मला सांगता येईना. ते म्हणाले, मग आधी ते शिक. मूठभर तांदूळ ताटात फेक, तीन श्वासांत आकडा ठरव, नंतर दाणे मोजून बघ. ते स्वतः असेच शिकले होते.

घरातले तांदूळ संपले होते म्हणून मी साबुदाणा घेतला. बुधवार ते शनिवार, चार दिवस, ऑफिसातून आले की ताट आणि मी. पहिल्या दिवशी तीनशेंना मी दीडशे म्हटलं. चौथ्या दिवशी चारशे दहांना चारशे. चारही दिवस रात्रीचं जेवण खिचडीच होतं, हे सांगायला नको.

गणतीच्या रविवारी उजाडताना बर्फाचं वादळ लागलं होतं. बस बंद, गाड्या रखडलेल्या. मी पडदा सारला. काठावर एकच काळी छत्री, वाऱ्याने निम्मी उलटी झालेली. आठ वाजायला आले होते आणि नऊच्या आत गणती आटपायला हवी होती. त्याचं ऑफिसचं माणूस काही पोचलेलं नव्हतं. बोलावलं नाही तर जायचं नाही, असं मी आठवडाभर मनाला बजावलं होतं. तो सगळा मानपान घरी ठेवून मी तीन जिने उतरले.

"मी मोजते," मी म्हटलं. "नंतर हवं तर पुन्हा बोलू नकोस."

त्याने दुसरी पेन्सिल पुढे केली. तेवढ्यात आवाज आला. आधी वाटलं वाराच आहे, पण बांबूंवरून एक काळा पट्टा वळला, विसकटला, पुन्हा जुळला आणि सगळाच्या सगळा तळ्यावर उतरला. मोठ्या पाण्यावरून वादळाने हाकललेली बदकं. नरांच्या गालांवर पिवळ्या-हिरव्या कोयऱ्या, पैठणीच्या पदरावर असतात तशा.

"तोमोए-गामो," अंबरीष पुटपुटला. "इथे कधी तीनच्या वर आली नव्हती."

आम्ही दोन पावलं लांब, एकमेकांकडे न बघता उभे राहिलो. पापण्यांवर बर्फ साचत होता. मी दहा-दहाचे घास केले, मग पन्नासचे. तीन श्वास, आकडा. मग सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. लिहिलं. वळलो. आधी त्याने कागद उलटला: सहाशे चौपन्न. मग मी: सहाशे एकेचाळीस.

त्याने दोन्ही कागद शेजारी-शेजारी धरले. फरक फक्त तेराचा.

"तुझा ऑफिसवाला असता तर एवढं जुळलं नसतं," मी म्हटलं.

"ऑफिसवाला नव्हताच."

"म्हणजे?"

"मी कुणाला विचारलंच नाही." त्याने चष्म्यावरचा बर्फ पुसला. "रोज ठरवायचो, उद्या विचारू. पण दुसऱ्या कुणाशेजारी उभं राहून मोजायचं म्हटलं की… नकोच वाटायचं. आणि तुला 'राहू दे' म्हणून बसलो होतो. आज सातपासून तुझ्या बाल्कनीकडे बघत उभा आहे."

"आणि मी आलेच नसते तर? एकतीस वर्षं बुडवली असतीस?"

"साडेआठला वर येऊन बेल वाजवणार होतो."

"अंबरीष, तू महामूर्ख आहेस," मी म्हटलं. "आणि मला तू फार आवडतोस. चादर पिळली त्या दिवसापासून."

"मला त्याच्या आधीपासून," तो म्हणाला. "तू स्लिपर घालून धावत येत होतीस तेव्हापासून." आणि त्याने माझे गारठलेले दोन्ही हात उचलून आपल्या जॅकेटच्या खिशांत घातले, जिथे माझा कॉफीचा डबा असायचा. छत्री केव्हा उडाली, कुणाला कळलं नाही.

नऊला पाच कमी असताना आम्ही कोन्दो-सानांना फोन लावला. अंबरीषने आकडे सांगितले. त्यांनी आकडा पुन्हा सांगायला लावला, मग तिसऱ्यांदा, आणि मग नाक ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की दुसरा आकडा कुणाचा आहे.

अंबरीषने फोन माझ्या हातात दिला.

"उल्का," मी म्हटलं. "उल्का देशमाने."

ते म्हणाले, बत्तिसावं वर्ष नीट पार पडलं, आता दोघांनी पुढच्या जानेवारीचा दुसरा रविवार मोकळा ठेवा. मी अंबरीषकडे बघितलं. तो बर्फात उभा राहून लहान मुलासारखी मान हलवत होता.

"ठेवला," मी दोघांच्या वतीने सांगून टाकलं.